ब्राउझर चाचण्या सीआयमध्ये कशा बसवाव्यात : एका अडत दुकानाच्या प्रणालीवरून सविस्तर मार्गदर्शन

गुळाच्या ऐन हंगामातील गोष्ट आहे. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील एका अडत दुकानात आमची वेबप्रणाली चालते. आवक नोंदवणे, सौद्याचा दर टाकणे आणि शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, काढून देणे ही तिची मुख्य कामे. आदल्या संध्याकाळी राजारामपुरीतील आमच्या कार्यालयातून एक लहानसा बदल गेला होता : एकूण रकमेची ओळ पडद्याच्या तळाशी कायम दिसत राहावी, एवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दिवाणजींचा फोन आला, की ‘पट्टी तयार करा’ हे बटण दिसते, पण दाबले जात नाही. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर त्या नव्या ओळीची पारदर्शक कड बटणावर पसरली होती आणि बोटाचा स्पर्श बटणापर्यंत पोहोचतच नव्हता. हिशेबाच्या सूत्रांवर लिहिलेल्या आमच्या सर्व चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, होत्या, कारण सूत्रे बरोबरच होती. शेतकरी मात्र गल्ल्यापाशी ताटकळत उभे होते.

अशी चूक पकडायची असेल तर खरा ब्राउझर उघडून, माणूस जसे वापरतो तसे पान वापरून पाहणारी चाचणी लागते. आणि ती कोणाच्या आठवणीवर न सोडता प्रत्येक बदलाबरोबर आपोआप चालावी लागते. कोड रिपॉझिटरीत, म्हणजे संघाच्या सामायिक कोडसाठ्यात, आला की तो बांधून, तपासून लगेच निकाल सांगणाऱ्या व्यवस्थेला सर्वजण सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन) म्हणतात. या लेखात तीन-चार जणांच्या संघाला पेलेल अशी व्यवस्था पायरीपायरीने उभी केली आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावीत.

आधी काय तपासायचे ते ठरवावे

ब्राउझर चाचणी महाग असते. सूत्राची चाचणी काही मिलिसेकंदांत संपते, तर ब्राउझर उघडून, लॉगिन करून, अर्ज भरून निकाल पाहणाऱ्या चाचणीला कित्येक सेकंद लागतात आणि तिच्या अपयशाची कारणेही अनेक असू शकतात. म्हणून हमाली आणि तोलाई यांची वजावट बरोबर होते का, दशांश कसे पूर्णांकात आणले जातात, शून्य वजन टाकले तर काय होते, हे सारे खालच्या पातळीवरील चाचण्यांतच तपासावे. ब्राउझरसाठी केवळ असे मार्ग निवडावेत, जे मोडले तर दुकानाचे काम थांबेल किंवा चुकीची रक्कम कोणाच्या तरी हातात जाईल.

आम्ही कागदावर असे पाच मार्ग लिहिले : लॉगिन, आवक नोंद, सौद्याचा दर टाकणे, पट्टी काढणे आणि जुनी पट्टी शोधून पुन्हा छापणे. सुरुवातीला एवढ्यावर थांबावे असे माझे ठाम मत आहे. चाळीस चाचण्या घाईने लिहून त्यांतील सहा रोज कधी लाल, कधी हिरव्या होऊ लागल्या, की संघातील माणसे लाल रंगाकडे पाहणेच सोडतात, आणि मग उरलेल्या चौतीस चांगल्या चाचण्याही वाया जातात. पुढील प्रत्येक पायरीत माझा भर याच एका गोष्टीवर आहे : चाचणी लाल झाली तर काहीतरी खरोखरच मोडलेले असले पाहिजे.

साधनाची निवड

या क्षेत्रातील जुने आणि रुळलेले साधन म्हणजे सेलेनियम. जेसन हगिन्स यांनी २००४ साली थॉटवर्क्स या कंपनीत त्याची सुरुवात केली आणि पुढे त्यात मिसळलेला वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला आज्ञा देण्याची पद्धत, २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचे अधिकृत मानक झाला. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीत प्लेराइट प्रसिद्ध केले. ज्यांच्याकडे सेलेनियमच्या शेकडो चाचण्या आधीच नीट चालत आहेत त्यांनी केवळ नवे म्हणून साधन बदलू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मात्र मी प्लेराइट सुचवतो. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही तिन्ही इंजिने एकाच पद्धतीने चालवते. वेबकिट हे सफारीचे इंजिन असल्यामुळे, कार्यालयात एकही मॅक नसला तरी आयफोन वापरणाऱ्या ग्राहकाच्या अडचणींचा बराचसा अंदाज लिनक्स यंत्रावरच येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बटण दाबण्यापूर्वी ते दिसते आहे का, स्थिर आहे का, सक्षम आहे का आणि स्पर्श खरोखर त्याच्यापर्यंत पोहोचतो का, हे प्लेराइट स्वतःहून तपासते. आमच्या दिवाणजींना सतावणारी चूक या शेवटच्या तपासणीत सापडली असती.

बसवणी आणि पहिली चाचणी

यंत्रावर नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) असल्याची खात्री करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘एनपीएम इनिट प्लेराइट ॲट लेटेस्ट’ ही आज्ञा द्यावी. ती काही प्रश्न विचारते : टाइपस्क्रिप्ट हवे की जावास्क्रिप्ट, चाचण्या कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्या सीआय सेवेची फाइल तयार करून हवी का, ब्राउझर आताच उतरवायचे का. गिटहबच्या प्रश्नाला होकार द्यावा. तयार होणारी फाइल आपण पुढे बदलणार असलो तरी आरंभ म्हणून ती चांगली असते. पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी पॅकेज-लॉक ही फाइल आठवणीने कमिट करावी, म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवावी. प्लेराइटची प्रत्येक आवृत्ती ठरावीक ब्राउझर आवृत्त्यांशी बांधलेली असते, त्यामुळे लॅपटॉपवर एक आणि सीआयवर दुसरी आवृत्ती असेल तर निकालांची तुलनाच करता येत नाही.

पहिली चाचणी पट्टीचीच लिहावी. पानावरील घटक शोधताना सीएसएस क्लासच्या साखळ्या टाळाव्यात, कारण रंग किंवा मांडणी बदलली की त्या तुटतात. माणूस ज्या खुणेने घटक ओळखतो तीच खूण चाचणीनेही वापरावी : ‘गेट बाय रोल’ने बटण ही भूमिका आणि त्यावरील मजकूर, ‘गेट बाय लेबल’ने रकान्याचे नाव. एक बारकावा ध्यानात ठेवावा. नावाची जुळणी मुळात, म्हणजे आपण सेटिंग बदलले नाही तर, अंशतः होते. म्हणजे पानावर ‘पट्टी तयार करा’ आणि ‘पट्टी छापा’ अशी दोन बटणे असताना केवळ ‘पट्टी’ असे नाव दिले, तर दोन घटक सापडल्याची तक्रार करून चाचणी थांबते. अशा वेळी पूर्ण नाव द्यावे आणि गरज पडली तर ‘एक्झॅक्ट’ हा पर्यायही सुरू करावा. ‘पहिला सापडेल तो घे’ अशी सूचना देऊन ही तक्रार दडपू नये. ती योग्य कारणासाठीच आलेली असते.

निकाल तपासण्यासाठी ‘एक्स्पेक्ट’ची ब्राउझरसाठी असलेली रूपे वापरावीत. ती अपेक्षित मजकूर दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहतात आणि मुळात पाच सेकंदांनंतर हार मानतात. संपूर्ण चाचणीची मर्यादा मुळात तीस सेकंद असते. याउलट ‘तीन सेकंद थांब’ अशी ओळ चाचणीत कधीही लिहू नये. आमच्या पहिल्या चाचण्यांत अशा ओळी होत्या. लॅपटॉपवर ते तीन सेकंद पुरत, सीआयच्या तुलनेने मंद यंत्रावर कधी पुरत तर कधी अपुरे पडत, आणि कोड न बदलताही निकाल बदलत असे. त्या सर्व ओळी काढून त्यांच्या जागी नेमक्या अपेक्षा लिहिल्यावर चाचण्या स्थिर झाल्या, शिवाय वेगवानही झाल्या.

‘शेतकऱ्याचे नाव’ सापडत का नाही

मराठीत प्रणाली करणाऱ्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडतोच, म्हणून येथे थोडे थांबतो. आमच्या पानावर ‘शेतकऱ्याचे नाव’ असे लेबल होते, चाचणीतही ‘शेतकऱ्याचे नाव’ असेच लिहिले होते, तरीही चाचणीला तो रकाना सापडत नव्हता. दोन्ही मजकूर पडद्यावर शेजारी ठेवले तरी फरक दिसत नव्हता.

फरक अर्ध्या ऱ मध्ये होता. शेतकऱ्याचे, गुऱ्हाळ, दऱ्या यांसारख्या शब्दांतील हे रूप युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवलेले आढळते. पहिल्या प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलंत असतो. दुसऱ्यात साधा र, त्याला नुक्ता आणि मग हलंत असतो. तिसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक असतो. कोणता कीबोर्ड वापरला यावर हे अवलंबून असते. लेबल एकाने एका कीबोर्डवर टाइप केले होते आणि चाचणी दुसऱ्याने दुसऱ्या. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत. एनएफसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण लावले की दुसरा प्रकार पहिल्यात बदलतो. तिसरा मात्र जसाच्या तसा राहतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

हा केवळ चाचणीचा प्रश्न असता तर सोपा होता. दिवाणजींनी ‘गुऱ्हाळ’ असे टाकून जुनी पट्टी शोधली आणि नोंद वेगळ्या कीबोर्डवरून झालेली असली, तर त्यांनाही ती सापडणार नाही. चाचणीने येथे प्रणालीतील खरी उणीव दाखवून दिली होती. उपाय असा केला : माहिती साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा, आधी र, हलंत आणि जोडक या क्रमाचे ऱ आणि हलंत असे रूपांतर करायचे, नंतर एनएफसी लावायचे. सर्व लेबले एका भाषांतर फाइलमध्ये आणली आणि त्या फाइलमध्ये तिसरा प्रकार आढळला तर कमिटच नाकारणारी छोटी तपासणी बसवली. शून्य रुंदीचा जोडक सरसकट मात्र काढू नये. इतर जोडाक्षरांत लिहिणाऱ्याने तो जाणून-बुजून वापरलेला असू शकतो. त्यानंतर तिन्ही प्रकारांनी ‘गुऱ्हाळ’ शोधून पाहणारी एक चाचणी कायमची जोडली.

प्रणाली, डेटाबेस आणि नोंदी

सीआयवर दर वेळी कोरे यंत्र मिळते. तेथे प्रणाली सुरू करण्याचे काम प्लेराइटच्या ‘वेब सर्व्हर’ या सेटिंगवर सोपवावे. त्यात प्रणाली सुरू करण्याची आज्ञा आणि ती तयार झाली हे कळण्यासाठी पाहायचा पत्ता द्यावा. तो पत्ता प्रतिसाद देईपर्यंत, मुळात साठ सेकंदांपर्यंत, प्लेराइट थांबते. आधीच चालू असलेला सर्व्हर वापरण्याची मुभा लॅपटॉपवर ठेवावी आणि सीआयवर बंद करावी. आणखी एक आग्रह : ग्राहकाकडे जाते तीच बांधलेली आवृत्ती तपासावी, विकासाच्या वेळची नव्हे. दोन्हींच्या फाइलींची जडणघडण वेगळी असते आणि काही चुका केवळ बांधलेल्या आवृत्तीतच दिसतात.

डेटाबेससाठी गिटहब ॲक्शन्समध्ये ‘सर्व्हिसेस’ या विभागात पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर (स्वतंत्र, बंदिस्तपणे चालणारी प्रत) जोडता येतो. त्याला ‘पीजी इज रेडी’ ही आरोग्य-तपासणी लावावी, अन्यथा डेटाबेस उठण्यापूर्वीच मायग्रेशन, म्हणजे त्यातील तक्ते तयार करण्याचे काम, सुरू होते आणि विनाकारण लाल निकाल मिळतो. मायग्रेशननंतर अगदी मोजकी बीज-नोंद भरावी : एक दुकान, एक दिवाणजी, वजावटीचे दर. बाकी जे लागेल ते प्रत्येक चाचणीने स्वतः तयार करावे. पट्टीच्या चाचणीने स्वतःचा शेतकरी, स्वतःची आवक आणि स्वतःचा दर निर्माण करावा, आणि शेतकऱ्याच्या नावाला वेगळी खूण जोडावी. चाचण्या एकाच वेळी समांतर चालतात. दोघी एकाच शेतकऱ्याच्या नावावर नोंदी करू लागल्या तर निकाल कोण आधी पोहोचले यावर ठरतो. ग्राहकाच्या खऱ्या माहितीची प्रत चाचणीसाठी कधीही वापरू नये. तिच्यात शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खाती असतात, आणि सीआयच्या अहवालांत त्याच माहितीच्या पानांची चित्रे साठवली जातात.

प्रत्येक चाचणीने पुन्हा लॉगिन करण्याची गरज नाही. आरंभी एकदा लॉगिन करून ब्राउझरची स्थिती ‘स्टोरेज स्टेट’ फाइलमध्ये साठवावी आणि बाकीच्या चाचण्यांनी ती वापरावी. ही फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे रिपॉझिटरीबाहेर ठेवायच्या फाइलींच्या यादीत, टाकण्यास विसरू नये. एसएमएस किंवा ओटीपी असेल तर थोडा विचार लागतो. प्लेराइटचे ‘रूट’ हे साधन केवळ ब्राउझरमधून जाणाऱ्या विनंत्या अडवते. एसएमएस आपला सर्व्हर पाठवतो, त्यामुळे ती विनंती ब्राउझरला दिसतही नाही. त्यासाठी चाचणीच्या वेळी सर्व्हरला एसएमएस सेवेचा खोटा, स्थानिक पत्ता द्यावा.

सीआयची फाइल

आता मुख्य जोडणी. रिपॉझिटरीतील डॉट-गिटहब फोल्डरमधील वर्कफ्लोज या फोल्डरात सीआयच्या पायऱ्या सांगणारी यामल या मांडणीतील फाइल असते. तिच्यात टॅब चालत नाहीत, केवळ मोकळ्या जागा चालतात. नव्यांचा पहिला तास बहुधा यातच जातो. फाइल प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या, म्हणजे मर्ज करण्याच्या, विनंतीवर) आणि मुख्य ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, चालेल असे ठरवावे. यंत्रासाठी उबुंटूची नेमकी आवृत्ती लिहावी, कारण ‘लेटेस्ट’ लिहिले तर एखाद्या दिवशी खालचे यंत्र आपल्याला न विचारता बदलते. त्यानंतर क्रमाने पुढील गोष्टी याव्यात : कोड उतरवणे, नोड बसवून एनपीएमची (नोडची पॅकेजे आणणाऱ्या साधनाची) साठवण जोडणे, ‘एनपीएम सीआय’, जे लॉक फाइलमधील आवृत्त्याच बसवते, ‘एनपीएक्स प्लेराइट इन्स्टॉल’ला ‘विथ डेप्स’ जोडून आणि शेवटी क्रोमियम लिहून केवळ एकच ब्राउझर उतरवणे, प्रणाली बांधणे, मायग्रेशन, ‘एनपीएक्स प्लेराइट टेस्ट’, आणि अखेरीस अहवाल जतन करणे. या शेवटच्या पायरीला ती चाचण्या अपयशी ठरल्या तरी चालेल अशी अट घालावी, कारण अहवालाची गरज नेमकी त्याच वेळी असते.

कामाला वेळेची मर्यादा स्वतः घालावी. मुळात ती ३६० मिनिटे असते, आणि अडकलेली एक चाचणी सहा तास यंत्र धरून बसू शकते. आम्ही पंधरा मिनिटे ठेवली. गिटहबच्या मोफत योजनेत खासगी रिपॉझिटरींसाठी महिन्याला २,००० मिनिटे मिळतात. एक धाव आठ मिनिटांची, दिवसाला दहा धावा आणि महिन्यात पंचवीस कामाचे दिवस धरले तर बरोबर २,००० मिनिटे होतात. म्हणजे लहान संघालाही हिशेब ठेवावा लागतो. एकाच ब्रँचवर नवा कमिट आला की जुनी धाव रद्द करणारी ‘कन्करन्सी’ची ओळ येथे पुष्कळ मिनिटे वाचवते.

फायरफॉक्स आणि वेबकिट प्रत्येक बदलावर चालवण्याची गरज नसते. त्यांची धाव रात्री एकदा लावावी. वेळापत्रक मुळात यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे लिहितात, त्यामुळे आपल्याकडचे रात्रीचे दोन हवे असतील तर तेथे २० वाजून ३० मिनिटे असे लिहावे.

अखेरीस मुख्य ब्रँचला संरक्षण लावून ही धाव हिरवी असल्याशिवाय मर्ज होणार नाही असा नियम करावा. खासगी रिपॉझिटरीसाठी ही सोय मोफत योजनेत नसते. सशुल्क योजना घेईपर्यंत तोच नियम आपापसात ठरवून काटेकोरपणे पाळावा लागतो.

काही संघ कार्यालयातीलच एखादे यंत्र सीआयसाठी जोडतात. मिनिटांचा प्रश्न त्याने सुटतो, पण कोल्हापुरात तसे करताना २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे महापूर विसरू नयेत. वीज गेली, यंत्र बंद पडले, तर धाव पर्यायी यंत्रावर वळवण्याची तयारी आधीच असावी. असे यंत्र सार्वजनिक रिपॉझिटरीला कधीही जोडू नये, कारण कोणाही अनोळखी माणसाच्या पुल रिक्वेस्टमधील कोड मग आपल्या कार्यालयात चालू शकतो. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये क्रोमियम अधूनमधून कोसळत असेल तर सामायिक स्मृती तपासावी. डॉकर मुळात ६४ मेगाबाइटच देतो, आणि ‘आयपीसी’ची किंमत ‘होस्ट’ ठेवल्यावर ही अडचण दूर होते.

घड्याळ, अंक आणि अक्षरे

सीआयचे यंत्र यूटीसी वेळेवर चालते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. पहाटे साडेपाचच्या आत गाडी उतरून आवक नोंदवली, तर यूटीसीनुसार आदला दिवसच चालू असतो. आमच्या प्रणालीत अशा नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडत होती. १ एप्रिलच्या पहाटे हेच झाले तर नोंद थेट गेल्या आर्थिक वर्षात जाते.

येथे एक मोह होतो : सीआयवरील सर्व्हरची वेळ कोलकात्याची करून टाकावी, म्हणजे चाचणी हिरवी होईल. तसे करू नये. ग्राहकासाठी चालणारा आमचा क्लाउडवरील सर्व्हरही यूटीसीवरच आहे, त्यामुळे सीआयची वेळ बदलल्याने चूक झाकली गेली असती, सुधारली गेली नसती. ग्राहकाकडे जशी स्थिती आहे तशीच चाचणीत ठेवावी : सर्व्हर यूटीसीवर आणि ब्राउझरचा ‘टाइमझोन आयडी’ एशिया/कोलकाता. प्लेराइटच्या ‘क्लॉक’ या सोयीने ब्राउझरचे घड्याळ पहाटे सव्वापाचला लावता येते. सर्व्हरचे घड्याळ मात्र त्याने बदलत नाही. तारीख सर्व्हर ठरवत असेल तर त्याला चाचणीच्या वेळी बाहेरून वेळ देण्याची सोय प्रणालीतच करावी लागते.

अंकांचेही तसेच. प्लेराइट ब्राउझरची भाषा मुळात अमेरिकी इंग्रजी ठेवते. आम्ही ‘लोकेल’ मराठी केल्यावर जावास्क्रिप्टचे अंकरूपण देवनागरी अंक देऊ लागले, आणि इंग्रजी अंकांत लिहिलेल्या अपेक्षा एकदम लाल झाल्या. हे योग्यच झाले, कारण पट्टीवर कोणते अंक छापायचे हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते. जो तो आपल्या ब्राउझरप्रमाणे पाहत होता. आता पडद्यावर आणि छापील पट्टीवर देवनागरी अंक येतात, लाख-हजारांचा स्वल्पविराम भारतीय पद्धतीने पडतो, आणि हे दोन्ही एक चाचणी तपासते.

पानाचे चित्र घेऊन जुन्या चित्राशी ताडणाऱ्या चाचण्या छापील पट्टीसाठी उपयोगी पडतात, पण त्या जपून वापराव्यात. लिनक्स यंत्रावर योग्य देवनागरी फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकटी येतात किंवा भलत्याच वळणाची अक्षरे येतात. यंत्रावर ‘फॉन्ट्स-देवा’ हे पॅकेज बसवता येते. त्याहून चांगले म्हणजे नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट प्रणालीनेच पुरवावा आणि तो पूर्ण उतरल्याची खात्री करूनच चित्र घ्यावे. मूळ चित्रे सीआयच्याच यंत्रावर किंवा त्याच डॉकर प्रतिमेत तयार करावीत. विंडोजवर घेतलेले चित्र लिनक्सवरील चित्राशी सहसा तंतोतंत जुळत नाही, आणि प्लेराइट फाइलच्या नावातच यंत्रणेचे नाव घालते ते याच कारणासाठी.

लाल निकालाचा माग

सीआयवर चाचणी मोडली की समोर पडदा नसतो. ‘ट्रेस’ हे सेटिंग ‘ऑन फर्स्ट रिट्राय’ असे ठेवले तर अपयशी चाचणी पुन्हा चालवताना तिची संपूर्ण नोंद होते : प्रत्येक पायरीपूर्वीचे आणि नंतरचे पान, नेटवर्कच्या विनंत्या, कन्सोलवरील संदेश. अहवालाची फाइल उतरवून ‘शो ट्रेस’ या आज्ञेने ती उघडली की नेमक्या कोणत्या क्षणी बटणावर काय आले होते हे डोळ्यांनी पाहता येते. या सोयीमुळे ‘माझ्या यंत्रावर तर चालते’ ही चर्चा आमच्याकडे जवळजवळ थांबली. ट्रेसमध्ये टाइप केलेले पासवर्डही येतात, त्यामुळे तो सार्वजनिक ठेवू नये. आम्ही तो तीस दिवस ठेवतो.

पुन्हा चालवण्याची संख्या तयार सेटिंगमध्ये सीआयसाठी दोन असते. पहिल्यांदा पडलेली आणि नंतर उत्तीर्ण झालेली चाचणी अहवालात ‘फ्लेकी’ म्हणून वेगळी दाखवली जाते. एकूण निकाल हिरवाच राहत असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेचा घात येथेच होतो. आमचा नियम सरळ आहे. फ्लेकी ठरलेल्या चाचणीची त्याच दिवशी नोंद होते आणि तिला एक मालक मिळतो. तो लॅपटॉपवर ‘रिपीट इच’ हा पर्याय वीसवर ठेवून ती चालवतो आणि कारण शोधतो. आठवड्यात कारण सापडले नाही तर चाचणी ‘फिक्समी’ म्हणून बाजूला ठेवली जाते आणि तो मार्ग तोपर्यंत हाताने तपासला जातो. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक निघाले : सामायिक नोंद, घड्याळ, किंवा सर्व्हरचे उत्तर येण्यापूर्वीच पुढे गेलेली चाचणी. शेवटच्या प्रकारात दोष पुष्कळदा पानाचाच असतो, कारण बटण माहिती येण्याआधी सक्षम झालेले असते आणि घाईत असलेला माणूसही ते दाबू शकतो.

‘फॉरबिड ओन्ली’ हे सेटिंग सीआयवर सुरू असल्याची खात्री करावी. एकच चाचणी चालवण्यासाठी लिहिलेला ‘ओन्ली’ शब्द चुकून कमिट झाला, तर बाकीच्या चाचण्या मुकाट्याने वगळल्या जातात आणि निकाल हिरवा दिसतो.

चाचण्यांची संख्या वाढून धाव दहा मिनिटांच्या पुढे गेली, की ‘शार्ड’ या पर्यायाने त्या अनेक यंत्रांवर वाटता येतात. पाच-दहा चाचण्यांसाठी त्याची गरज नाही.

व्यवस्थेचीच परीक्षा

सर्व जोडून झाल्यावर, पहिली हिरवी खूण पाहून थांबू नये. वेगळी ब्रँच काढून प्रणाली मुद्दाम मोडावी. आम्ही तीन पुल रिक्वेस्ट उघडल्या होत्या. एकीत हमालीची वजावट पट्टीवर दाखवणारी ओळ काढली. दुसरीत ती तळाची जुनी ओळ तशीच परत आणली आणि चाचणी मोबाइलच्या रुंदीवर चालवली. तिसरीत सर्व्हरला डेटाबेस सापडणारच नाही अशी चुकीची सेटिंग दिली. पहिल्या दोन लाल झाल्या, आणि दुसरीच्या अहवालात बटणावर दुसरा घटक स्पर्श अडवत असल्याचे स्पष्ट लिहून आले. तिसरी मात्र हिरवी निघाली, कारण आरोग्य-तपासणीचा आमचा पत्ता डेटाबेसला न विचारताच ‘ठीक’ असे उत्तर देत होता आणि चाचण्या अपयशी ठरल्या तरी पुढे जाण्याची ‘कंटिन्यू ऑन एरर’ ही ओळ आधीच्या एका प्रयोगातून केवळ याच ब्रँचच्या फाइलमध्ये राहून गेली होती. ती ओळ काढली, आरोग्य-तपासणीत डेटाबेसची विचारणा जोडली आणि तिन्ही रिक्वेस्ट पुन्हा चालवल्या. तिन्ही लाल झाल्यावर त्या मर्ज न करता बंद केल्या आणि मुख्य ब्रँचला संरक्षणाचा नियम लावला.